एका किंगपिनसाठी चार गावे

आपल्या भागात तिला 'पद्मिनी' कुणी फारसे म्हटले नाही. आर. सी. बुकात नाव काहीही असो, दारात उभी असलेली गाडी म्हणजे 'फियाट'. १९५० च्या दशकातल्या गोल पाठीच्या मॉडेलला लोकांनी 'डुक्कर फियाट' करून टाकले. मग १९६४ साली चौकोनी चेहऱ्याची 'डिलाइट' आली आणि तीच गाडी १९७४ पासून 'प्रीमिअर पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर आणि पुढच्या लांब सीटवर दोन माणसे व मध्ये एक पोर. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी डॉक्टर-वकिलांची आणि अडत व्यापाऱ्यांची पहिली गाडी हीच.

आमच्याकडची गाडी वडिलांनी १९८४ साली घेतली. बाबांचा दवाखाना खानापूरला होता आणि पेशंट नंदगडपासून कणकुंबीपर्यंत पसरलेले. जांबोटीच्या पुढे पावसाळ्यात रस्ता कुठला आणि ओढा कुठला हे कळू नये, अशा वाटांवर ही गाडी वीस वर्षे धावली. आता बाबांनी चौऱ्याऐंशी ओलांडली आहेत. गाडी मी चालवतो, तीही महिन्यातून दोन-चारदा. पण चवथीचा गणपती आजही तिच्याच मागच्या सीटवरून घरी येतो.

२०२४ च्या चवथीनंतर स्टिअरिंग थरथरू लागले. साठ किलोमीटरच्या वेगाला पुढची चाके जणू आपापसात भांडत. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. आमच्या गाडीची पाळी डिसेंबरात होती. मोटार निरीक्षक चाक हलवून बघणार आणि असे हलणारे चाक पाहून शिक्का मारणार नाही, हे उघड होते. शिक्क्याचे सोडा, पुढच्या चाकाचा सांधा निसटला तर गाडीसकट माणूस जातो. तेव्हा निर्णय दोनच होते. एकतर गाडी नीट करायची, नाहीतर भंगारवाल्याला बोलवायचे. घराबाहेर ती नुसती शोभेला उभी करून ठेवणे बाबांना मान्य नव्हते. "उभं वाहन आणि पडून राहिलेला माणूस, दोन्ही लवकर खराब होतात," असे ते म्हणाले.

तिसऱ्या रेल्वे गेटजवळच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी जॅक लावून चाक उचलले. एक हात चाकाच्या वर, एक खाली ठेवून त्यांनी ते हलवले. खटखट आवाज आला. मग मला म्हणाले, "सर, आत बसून ब्रेक दाबून धरा." मी ब्रेक दाबला आणि त्यांनी पुन्हा चाक हलवले. खटखट तशीच. "बेअरिंग न्हवं, किंगपिन," असे त्यांनी जाहीर केले. ही परीक्षा वाचकांनीही लक्षात ठेवावी अशी आहे. ब्रेक दाबल्यावर चाक मागच्या पाटीशी घट्ट धरले जाते. त्यामुळे दोष चाकाच्या बेअरिंगचा असेल तर हलणे थांबते. दोष किंगपिनचा असेल तर ती पाटीच चाकाबरोबर हलते.

किंगपिन म्हणजे पुढच्या चाकाची बिजागरी. दार जसे बिजागरीच्या सळईभोवती फिरते, तसे स्टिअरिंग वळवल्यावर चाक या उभ्या पिनेभोवती वळते. पिन कठीण पोलादाची, तिच्याभोवती वर-खाली गनमेटलच्या दोन बांगड्या, म्हणजे बुश. आत ग्रीस जायला बारीक भोके. फियाटला पुढे पाटे नाहीत. वरचा आर्म, खालचा आर्म आणि कॉइल स्प्रिंग अशी स्वतंत्र मांडणी आहे, आणि या दोन आर्मच्या मधे किंगपिनवर सगळा भार पेललेला. १९८३ साली मारुती आली ती वेगळ्या बांधणीचे पुढचे सस्पेन्शन घेऊन. तिथे किंगपिनच नाही. त्यामुळे गेल्या तीस-चाळीस वर्षांत मोटारीच्या गॅरेजमध्ये शिकलेल्या मुलांनी किंगपिन हातात धरलेली नसते. आमच्या गाडीला हव्या होत्या दोन किंगपिन, त्यांचे बुश, भार पेलणाऱ्या चकत्या आणि आर्मचे रबरी बुश. मिस्त्रींनी जुनी पिन काढून फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. "हे घेऊन फिरा. नावानं मागू नका, मापानं मागा."

पहिली फेरी हुबळीची. एका रविवारला जोडून सुट्टी होती. जुन्या पी. बी. रोडवरच्या गॅरेजवाल्यांनी एका सुट्या भागांच्या दुकानाचा पत्ता दिला. मालक सत्तरीचे. पिन हातात घेऊन त्यांनी ती उजेडात फिरवली आणि हसले. "अद ईग बरूदिल्लरी, सर." पण बसायला स्टूल दिले, चहा मागवला आणि माळ्यावर पोरगा चढवला. वरून फियाटच्या खोक्यात रबरी बुश निघाले, कागदात बांधलेले, कधीही न वापरलेले. मला आनंद झाला. मालकांनी मात्र एकावर अंगठ्याचे नख दाबले. रबराला लगेच चीर गेली. "बॅड री, हे घेऊ नका," कन्नड-मराठी एकत्र करून ते म्हणाले. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते, डब्यातल्या डब्यात ते कडक पडते, हे मला त्या दिवशी कळले. विकता येत असलेला माल त्यांनी विकला नाही. वर बेंगळूरच्या जे. सी. रोडवर ओळखीच्या दुकानात फोन लावून दिला. तिथे एकाच बाजूचा अर्धा सेट शिल्लक होता. अर्ध्या सेटने आमचे काम होणार नव्हते. एक चाक घट्ट आणि एक ढिले राहिले तर गाडी एका अंगाला ओढते.

दुसरी फेरी कोल्हापूरची. संकेश्वर मागे टाकून तवंदी घाट उतरला की निपाणी आणि कागल ओलांडून गोकुळ शिरगावच्या चिमण्या दिसू लागतात. शेतावरच्या ऑइल इंजिनांची दुरुस्ती आणि जडणघडण करता करता कोल्हापूरची कारखानदारी वाढली. उद्यमनगरच्या गल्ल्यांत अजूनही दोन लेथ आणि एक शेपिंग मशीन एवढ्या भांडवलावर दुकाने चालतात. तिथे 'मिळत नाही' हा शब्द कुणी उच्चारत नाही. 'करून देऊ' म्हणतात. एकाने मला सुचवले, "सर, ह्यो सगळा पुढचा सांगाडाच काढून टाकू. दुसऱ्या गाडीचा बसवतो. डिस्क ब्रेक पण मिळतील फुकटात." कल्पना भुरळ पाडणारी होती. पण कापून आणि वेल्डिंग करून बसवलेल्या सांगाड्याच्या भरवशावर ऐंशी वर्षांच्या माणसाला घाटातून नेणे मला पटेना. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची बंधने आहेत.

पलीकडच्या गल्लीतल्या वयस्क कारागिराने वेगळीच शिकवणी घेतली. पिन लेथवर कातून देणे दहा मिनिटांचे काम, पण तशी पिन चार महिन्यांत झिजेल, असे ते म्हणाले. किंगपिनचे पोलाद वरून कडक आणि आतून चिवट असावे लागते. सगळीच कडक केली तर दणक्याने तुटेल, सगळीच मऊ ठेवली तर झिजेल. म्हणून आधी कातायची, मग भट्टीत घालून वरचा थर कडक करायचा आणि शेवटी ग्राइंडिंग करून मापाला आणायची. "दोन पिनांसाठी भट्टी कोण पेटवणार?" त्यांचा प्रश्न रास्त होता. "आधी मुंबईला बघा. नाही मिळाली तर या, काहीतरी करू. बुश मात्र कुठलेही चालतील, गनमेटलचे इथे रोज होतात." निघताना त्यांनी जुन्या पिनेवर पेन्सिलीने एक रेघ मारली आणि म्हणाले, "माप घ्यायचं ते इथं. जिथं बुश फिरत नाही तिथं पिन झिजत नाही. ते खरं माप."

त्या रेघेच्या आधारावर तिसरी फेरी झाली, मुंबईची. रात्रीच्या बसने निघून सकाळी उतरलो. मुंबईत गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार ऑपेरा हाऊसच्या परिसरात आहे. पहिल्याच दुकानात किंगपिनचा सेट मिळाला. चकचकीत, प्लॅस्टिकमध्ये बंद. व्हर्निअर लावला तर पिन बारीक भरली. दुकानदार म्हणाला, "इतना चलता है." नमस्कार करून बाहेर पडलो.

पुढच्या चार दुकानांत नकार ऐकून एका बोहरी आजोबांच्या अरुंद दुकानात शिरलो. त्यांनी माझी पिन पाहिली, पेन्सिलीची रेघ पाहिली आणि विचारले, "मिस्त्री कहाँ का है?" कोल्हापूर म्हटल्यावर मान डोलावली. मग या बाजाराचे गणित त्यांनीच समजावून सांगितले. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या सुरुवातीलाच थांबले. तरी पुढची वीस वर्षे सुटे भाग मिळत राहिले, ते घरगुती गाड्यांमुळे नव्हे. ते मिळत राहिले टॅक्सीमुळे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी दिवसभर खड्ड्यांतून धावणार, किंगपिन आणि बुश ठराविक काळाने बदलणार. त्या ठराविक गिऱ्हाइकाच्या जोरावर छोटे कारखानदार माल काढत. आपण बेळगाव-हुबळीचे घरगुती गाडीवाले त्या ताटातले उष्टे खात होतो, एवढेच. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा लागली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ ची होती. तिची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि रस्त्यावरून ही टॅक्सी गेली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. या दुकानांत मात्र दुसरीच गोष्ट घडली. किंगपिनची नवी ऑर्डर द्यायला कारण उरले नाही.

आजोबांनी शिडी लावली. वरच्या खणातून तेलकट कागदात गुंडाळलेल्या दोन पिना आणि चकत्या काढल्या. व्हर्निअर लावला, माप बरोबर उतरले. पिनांवर गंजाचा ठिपकाही नव्हता. बुश नव्हते, पण ते कोल्हापूरला होणार होतेच. किंमत त्यांनी वाजवी घेतली. प्रवासाचा खर्च मालापेक्षा जास्त झाला होता, हे त्यांना ठाऊक असावे. रबरी बुशांसाठी त्यांनी कुर्ल्याला पाठवले. तिथे सी. एस. टी. रोडच्या बाजूला, पूर्वी टॅक्सीची कामे करणाऱ्या एका मेकॅनिककडे अलीकडच्या काळात ओतलेले बुश मिळाले. नखाने दाबले की दबणारे आणि पुन्हा वर येणारे.

कुर्ल्याला गेलोच होतो, म्हणून गाडीचे जन्मस्थान पाहून आलो. प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचा कारखाना इथेच होता. आता तिथे इमारती उभ्या आहेत. रस्त्याला 'प्रीमिअर रोड' हे नाव तेवढे राहिले आहे. मी इतिहास शिकवतो, तेव्हा या जागी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहिली नाही. ती आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांना जवळची वाटेल. हा कारखाना काढला तो सोलापूरला जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी, १९४४ साली. पण भारतात मोटार बनवण्याची योजना त्याआधीच, १९३० च्या दशकात, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मांडली होती. वालचंदांनी ती उचलून धरली आणि म्हैसूर संस्थानानेही अनुकूलता दाखवली. ब्रिटिश सरकारची साथ मात्र मिळाली नाही. पुढे वालचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत १९४० च्या डिसेंबरात बेंगळूरला विमानांचा कारखाना काढला, तो आजच्या एच.ए.एल.चा आरंभ. मोटारीचा कारखाना नंतर मुंबईत झाला. म्हणजे आमच्या दारातल्या फियाटच्या मागे इटलीचा आराखडा आहे, सोलापूरच्या माणसाची जिद्द आहे आणि म्हैसूरच्या दिवाणांचे स्वप्नही आहे.

चौथे गाव आपलेच. बुश कोल्हापूरहून आले, सगळा माल टेबलावर मांडला, तेव्हा आमचे मिस्त्री म्हणाले, "बसवीन मी. पण रीमर मारायला ऑटोनगरला मामांकडं जाऊ." मोटारींतून किंगपिन गेली तरी ट्रकच्या पुढच्या धुरीत ती टिकून आहे. त्यामुळे किंगपिनची विद्या बेळगावात शिल्लक आहे ती ट्रकच्या गॅरेजमध्ये. हे मामा तिथले. मराठी, कन्नड, उर्दू अशा तिन्ही भाषांत शिव्या देऊ शकणारे आणि काम करताना एकही शब्द न बोलणारे.

ते काम मी स्टुलावर बसून दुपारभर पाहिले. प्रेसवर दाबून नवे बुश बसवले. बसवताना बुशाचे भोक ग्रीसच्या भोकासमोर येईल हे दोनदा तपासले. ते चुकले तर बाहेरून कितीही ग्रीस मारा, आत थेंब पोचत नाही. दाबून बसवलेला बुश थोडा आवळतो, पिन त्यात जात नाही. मग रीमर. हा लांब दांड्याचा असतो, कारण वरचा आणि खालचा बुश एकाच रेषेत कापला गेला पाहिजे. प्रत्येक बुश वेगळा कापला तर दोन्ही भोके मापात असूनही पिन अडकते. मामा रीमर अर्धा फेरा फिरवत, काढत, पुसत, पिन घालून बघत. पुन्हा अर्धा फेरा. मापाची पट्टी त्यांनी एकदाही काढली नाही. शेवटी तेल लावलेली पिन अंगठ्याने दाबल्यावर हळूहळू आत सरकली आणि स्वतःच्या वजनाने मात्र खाली पडली नाही. तिथे ते थांबले.

शेजारी हुक्केरीकडचा एक मुलगा उभा होता, आय.टी.आय. झालेला. दुसऱ्या चाकाच्या वेळी मामांनी रीमर त्याच्या हातात दिला आणि आपला तळवा त्याच्या मुठीवर ठेवला. "नेट लावू नगोस. त्येलाच कापू दे." मुलगा कन्नड बोलणारा, मामा मराठीत सांगणारे, कुणाचे काही अडले नाही. मी मामांना विचारले, हे काम बेळगावात आणखी किती जण करतात? त्यांनी बोटे मोजायला सुरुवात केली आणि एका हाताची बोटे संपायच्या आधी थांबले. त्यातले दोघे आता कामावर येत नाहीत, असेही सांगितले.

जोडणी आमच्या मिस्त्रींनी केली. त्यांची एक गोष्ट जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने लिहून ठेवावी. आर्मच्या रबरी बुशांचे नट त्यांनी जॅकवर असताना घट्ट केले नाहीत. गाडी चाकांवर उभी केली, दोन-चार वेळा दाबून हलवली आणि मग आवळले. हवेत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. कॉइल स्प्रिंग दोन्ही काढून सपाट फरशीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या. उंची सारखी भरली, म्हणून त्याच ठेवल्या. एक बसली असती तर दोन्ही बदलाव्या लागल्या असत्या. शेवटी चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. हिशेब देताना ते बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "गाडी हळेद ऐत्री, आद्र गट्टि ऐत्री."

डिसेंबरात तपासणी झाली. निरीक्षकांनी चाक हलवले, पुन्हा हलवले आणि सही केली. त्या रविवारी बाबांना घेऊन खानापूरला गेलो. वाटेत दोन-तीन खड्डे मुद्दाम चुकवले नाहीत. बाबा बराच वेळ गप्प होते. जांबोटी फाट्याजवळ म्हणाले, "सांध्यात वंगण आलं म्हणायचं." मग म्हणाले, "माझ्या गुडघ्यांना कुणी मामा मिळतो का बघ."

या सगळ्यात दोन महिने गेले. पैशांचा हिशेब मांडला तर गाडी विकून आलेल्या किमतीत तो बसतो की नाही, याचा विचार मी केला नाही. पण एक हिशेब मला सतावतो. पिन मिळाली ती मुंबईच्या टॅक्सींनी मागे ठेवलेल्या साठ्यातून, आणि तो साठा वाढणार नाही. ती नीट बसली ती ऑटोनगरच्या एका हातामुळे, आणि तो हात साठीच्या पुढचा आहे. पिन एक वेळ कोल्हापूरला भट्टी पेटवून करता येईल. दहा गाडीवाले एकत्र आले तर वीस पिनांसाठी ती पेटवायला कुणी ना कुणी तयार होईलच. रीमर कुठे थांबवायचा हे मात्र ऑर्डर देऊन मिळत नाही. शेजारी उभे राहून शिकावे लागते.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे. घराच्या माळ्यावर, जुन्या गॅरेजच्या कोपऱ्यात फियाटचे, अँबेसेडरचे खोके पडले असेल तर ते किलोच्या भावाने देऊ नका. आधी जवळच्या मिस्त्रीला दाखवा. रबर टाकून द्या, पोलाद ठेवा. आणि गाडी असेल तर दर हजार-दीड हजार किलोमीटरला ग्रीस मारा. कणकुंबीच्या चिखलात वीस वर्षे टिकलेली आमची पहिली जोडी बाबांच्या त्या एका सवयीमुळेच टिकली. हुक्केरीचा तो मुलगा गेल्या महिन्यात दिसला. ऑटोनगरातच आहे. परवा एका जुन्या ट्रकचे रीमर काम मामांनी त्याला एकट्याला दिले होते, असे सांगत होता.